कुरकुर

वाल्गाला नोव्हेंबरात चारलाच दिवस मिटतो
आणि शनिवारी हेल्दुरच्या गॅरेजात दिवा लागतो.
आत जवसाच्या तेलाचा वास, लाकडाचा भुसा,
किटलीच्या बुडाशी लागलेली कॉफी.
मी दाराशीच उभा. माझ्या पिशवीत
चार वर्षांपूर्वी उसना नेलेला ड्रिल असतो,
दर शनिवारी परत द्यायला आणतो
दर शनिवारी परत घरी नेतो.

"स्क्रू नुसता फिरतोय, धरत नाही?
भोकात आगकाडी घाल, गोंदात बुडवून.
आधी गुल मोडून टाक."
एकदा कुणी तो मोडला नव्हता,
तो किस्सा पुन्हा होतो,
आणि रायवो भुवईवरून हात फिरवतो.

लैदा सांगते, खिडकीच्या फटींना
वर्तमानपत्राच्या पट्ट्या साबणाने चिकटवा.
थंडीभर वारा बाहेर बातम्या वाचत बसतो,
वसंतात ओलं फडकं फिरवलं की सुटतात.
नाल्यापलीकडून, म्हणजे दुसऱ्या देशातून,
आइनार्स चालत येतो. बोट नाचवत म्हणतो,
राउटर विटांच्या शेगडीमागे ठेवू नका.
वीट ऊब परत देते,
सिग्नल देत नाही.

वायके आजवर काही बोलली नव्हती.
राईचा पाव आणायची, कापायची, ऐकायची.
आज सुरी खाली ठेवून म्हणाली,
"तुमचं ऐकून बिजागऱ्यांना मेण लावलं,
पेन्सिलीचं शिसं उगाळून भरलं.
सगळी दारं आता लोण्यातून फिरतात.
आणि आई दिवसभर विचारते,
कोण आलं? कोण आहे तिथं?
दोन वर्षं झाली, तिला दिसत नाही.
स्वयंपाकघराचं दार शीळ घालायचं,
माझ्या खोलीचं कण्हायचं,
न्हाणीघराचं अगदी बदक.
ती पलंगावर बसून सगळं घर बघायची.
ती पुन्हा कुरकुरतील, असं काही सांगा."

किटली तेवढी बोलत राहिली.
हेल्दुरच्या दातांत धरलेला स्क्रू
तसाच राहिला.
चाळीस वर्षं आम्ही आवाज बंद करत आलो:
नळांचे, फ्रीजचे, जिन्यातल्या तिसऱ्या पायरीचे.
उलटं कुणी विचारलंच नव्हतं.

रायवो म्हणाला, सेन्सर बसवू,
दार उघडलं की फोन नाव सांगेल.
"तिला नाव नकोय," वायके म्हणाली,
"तिला दार हवंय."
मग लैदा: रॉकेलने मेण धुऊन काढ.
आइनार्स: मिठाचं पाणी, थेंब थेंब.
हेल्दुरने स्क्रू तळहातावर घेतला.
"गंज चढेल," म्हणाला, "पण त्याला घाई चालत नाही.
उन्हाळा उजाडेल."

आता माझ्या घराचं सांगतो.
आमच्याकडे एकही दार गप्प नाही.
बायको होती तेव्हा ती कुरकुरायची
की दारं कुरकुरतात. मी म्हणायचो, रविवारी बघतो.
असे रविवार माझ्याकडे बरेच साठलेत.

तर दुसऱ्या दिवशी, रविवारीच,
पिशवीतला ड्रिल काढला, उलटा फिरवला
आणि तीन दारांच्या बिजागऱ्या उतरवल्या.
वायकेच्या तिथं तिच्या.
तिच्या माझ्याकडे.
एक भोक सैल निघालं.
आगकाडी. गोंद. गुल मोडून.

म्हातारी पलंगावर कान देऊन बसली होती.
मी पहिलं दार ओढलं.
"हे बदक नाही," ती म्हणाली.
दुसरं ओढलं.
"हा कुणीतरी म्हातारा आहे, सकाळी उठवलेला.
पुन्हा कर."
मी पुन्हा केलं.
अकरा वेळा केलं.

रात्री घरी आलो. दार उघडलं.
काहीच झालं नाही.
मी बूट न काढता
थोडा वेळ तिथंच थांबलो,
मग स्वतःच मोठ्याने म्हणालो, मी आलोय.

ड्रिल अजून माझ्याकडेच आहे.