करिश्मा सतरा

चिप्सच्या दुकानावरची खोली, मंगळवार रात्र.
खाली तेल तडतडतंय, वर पाच माणसं
आणि एका मेलेल्या बुटक्याचा कागद,
जो टेबलावरून अजून कुणी उचललेला नाही.
गेल्या आठवड्यात तो ड्रॅगनसमोर
नको तितका शूर झाला.

नॉन प्रिदर्ख आज पहिल्यांदाच आली आहे.
वय एक्कावन्न, वृद्धाश्रमात रात्रपाळी,
आज सुट्टी.
खेळ चालवतो तिचा भाचा तेगिद.
त्यानं पुठ्ठ्याच्या आडून कोरा कागद सरकवला :
मावशी, कोण व्हायचंय?

तलवारवाली नको. माणसं उचलून पाठ गेलीय.
जादूगार नको, पोथी वाचायला चष्मा लागेल.
मग उरला बार्ड.
वेल्समधल्या या स्लेटच्या गावात
कवीला अजून तोच शब्द आहे,
फक्त शेवटचा ड दातांशी मऊ होतो,
पावात बुडालेल्या लोण्यासारखा.

चार फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडून द्यायचा.
ताकद आठ. चपळाई तेरा.
शहाणपण नऊ, यावर सगळे हसले. तीही.
मग सहा, सहा, पाच आणि एक बिचारा दोन.
सतरा!
करिश्म्यात घाल, गेथिन म्हणाला, तोंडात मासा.
आरशात कधी न दिसलेला हा आकडा
तिनं दात उमटलेल्या पेन्सिलीनं दोनदा गिरवला.

वाद्य?
दोन चमचे.
अगं, हार्प घे, सुरुवातीला फुकट मिळते.
आणि वाहायची कुणी?

मंत्रांची यादी ती बोट ठेवून वाचत गेली.
टोमणा मारून जखम करणे :
हे येतं मला, सासूबाईंच्या हाताखाली शिकलेय.
शब्दानं बरं करणे :
एक शब्द, तोही लांबूनच,
आणि पडलेला माणूस उठून बसतो.

इथं पेन्सिल थांबली.

बारा नंबरच्या खोलीत एम्रिस आहे.
चाळीस वर्षं खाणीत, आता उशांच्या मध्ये.
रोज पहाटे तीनच्या सुमाराला तो एक गाणं धरतो,
तिसऱ्या ओळीपर्यंत नीट येतो
आणि मग अंधारात पायरी नसावी
तसा त्याचा पाय हवेत राहतो.
चौथी ओळ तिनं किती वेळा त्याच्या कानात घातली.
तो सभ्यपणे ऐकतो, आभार मानतो,
पहिल्यापासून सुरू करतो.

दिवसातून किती वेळा चालतो हा?
दोनदा, मावशी. पहिल्या पायरीवर दोनदाच.
आणि दोन्ही वेळा चुकला तर?
तेगिदनं पुस्तक चाळलं, जरा जास्तच वेळ.
चुकत नाही तो. चुकला का बघायला
फासाच टाकायचा नसतो.
ती काही बोलली नाही.
मग म्हणाली, खेळ बरा आहे तुमचा.

दोष लिहावा लागतो, निर्दोष माणूस चालत नाही.
तिनं लिहिलं : चौथी ओळ विसरतो.
खोडलं. कागद थोडा फाटला.
वर लिहिलं : चौथी ओळ दर वेळी नवी रचतो.
हा दोष कसा? एलेरीनं विचारलं.
त्याच्या गुरूला विचार, नॉन म्हणाली.

नाव राहूनच गेलं,
कारण तोवर तेगिदनं दिवा मंद केला होता
आणि पुलावर तीन राक्षस येऊन उभे होते,
जकात मागत.
काय करतो तुझा बार्ड?

तिनं चिप्सचे दोन लाकडी काटे पाठीला पाठ लावून धरले,
टेबलाच्या कडेवर टक टक केलं
आणि वीस बाजूंचा फासा टाकला.
तो मेलेल्या बुटक्याच्या कागदावरून घरंगळला,
काठावर क्षणभर विचारात पडला
आणि हीटरखाली गेला.

शब्द खाली पडू देऊ नये म्हणतात.
फासा पडला होता.
गेथिन गुडघ्यांवर, फोनचा उजेड, धूळ, जुनी खीळ,
थांब, आकडा दिसत नाहीये, थांब जरा.
ती थांबली नाही.
काटे वाजत होते, पहिली ओळ झाली, दुसरी झाली,
पुलावरच्या राक्षसांनी माना तिरक्या केल्या
आणि नॉन तिसऱ्या ओळीशी आली.