घाऊक-किरकोळ

आईची वही म्हणजे पतपेढीची जुनी डायरी.
छापलेली तारीख खोडून
ती रोज वरती आजचा वार लिहिते.
दूध. मेथी. रिक्षा, पुढे 'नको होती'.
गॅसवाल्याने वर मागितले वीस, पुढे 'दिले नाहीत'.

आमच्या घरात तेलाची पिशवी संपत नाही.
कोपरा कापून, कपड्यांच्या चिमट्याने
ती बरणीवर रात्रभर उलटी टांगली जाते.
सकाळी बरणीत एका फोडणीपुरतं तेल असतं
आणि आईच्या चेहऱ्यावर
लॉटरी लागल्यासारखं काहीतरी.
टूथपेस्ट आधी लाटण्याखाली जाते, मग कात्रीखाली.
कॉलरला वडी, चादरींना सुटी पावडर,
आणि जाहिरातीतली ती महागडी बाटली
फक्त माझ्या ऑफिसच्या दोन कुर्त्यांना,
तीही झाकणातल्या रेघेपर्यंत.
रेघ कंपनीची नाही.
आईने ओढलीय, माझ्या नेलपेंटने.

'एकावर एक फुकट' तिला पटत नाही.
"फुकटचं कुणाच्या तरी मापातून काढलेलं असतं,"
हे ती भानुशालीला तोंडावर सांगते
आणि तो हसून एक काडेपेटी वर टाकतो.
ती काडेपेटी परत करते.

म्हणून मार्चच्या पानावर मी थबकले.
तांदूळ, कोलम, पाच किलो.
सहा दिवसांनी पुन्हा पाच. मग पुन्हा.
कोपरखैरण्याच्या या घरात
तांदूळ आला तो पंचवीसच्या कट्ट्यानेच,
माझ्या जन्माआधीपासून.
मी महापेला लोकांचे हिशेब तपासते,
बोट सवयीने फिरलं:
किलोमागे सहा रुपये जास्त,
महिन्याचे दीडशे.

"आई, कट्टा का नाही आणत?"
"कट्ट्यात टोके होतात."
"कडुलिंबाचा पाला घालायचीस की."
"पाला कुठे मिळतोय आता."
मिळतो.
समोर सिडकोच्या बागेत दोन झाडं आहेत,
ती रोज संध्याकाळी त्यांच्याच खाली बसते.

तात्या. तीस वर्षं दाणाबंदरात
थप्पीवरून गोण्या उतरवलेला माणूस.
कट्ट्याला ते ओझं म्हणायचेच नाहीत.
दुकानातून निघताना एका खांद्यावर कट्टा,
दुसऱ्यावर मी,
आणि तसंच गल्लीच्या तोंडाशी उभं राहून
गावच्या कुणाशी तरी
अर्धा तास सोसायटीच्या निवडणुकीच्या गप्पा.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी फिल्म खिडकीला धरली,
पेनाच्या टोकाने दोन मणके दाखवले.
तात्या म्हणाले, "मशीन जुनं असंल."
कमरेचा पट्टा चार दिवस लावला,
मग तो कपाटावर गेला,
गौरीच्या मुखवट्यांच्या खोक्यामागे.

आज ते पिशवी घेऊन आले,
बोटाला अडकवून, किल्ली आणल्यासारखी.
उंबऱ्यातच तळहातावर घेऊन तोलली.
"चार किलो नऊशे. भानुशाली मारतोय."
"छापलंय की पाच."
"छापू दे. काटा आण."
"काटा बिघडलाय," आई म्हणाली.
सकाळीच तिने त्यावर
अर्धा किलो गवार मोजून घेतली होती.

मग त्यांनी स्वतःच तांदूळ डब्यात ओतला.
पत्र्याचा डबा, माझ्या कमरेएवढा.
आधी पाऊस पडल्यासारखा आवाज झाला,
आणि लगेच थांबला.
तात्या वाकून आत बघत राहिले.
वाकले, म्हणजे एक हात भिंतीला.

"डबा लई मोठा हाय गं."

आईने कुकर लावला, शिट्टी नीट बसवली,
पदराला हात पुसले.
"बदलू की दिवाळीत.
तेव्हा एकावर एक फुकट असतो."