पुरावा क्रमांक चार

वजन अकरा ग्रॅम. रंग पांढरा.
आकार कोटाच्या बटणाएवढा.
लेबल मी चिकटवलं, सही माझी.
डुलुथच्या या कोर्टात
तळघरातल्या कपाटांच्या किल्ल्या
एकोणीस वर्षं माझ्या कमरेला आहेत.
इथे कुऱ्हाडी येतात, खोटे चेक,
एकदा तर गोठलेला मासा आला होता.
उचलताना हाताला काहीतरी कळतं.
याचं कळलं नाही.

सापडला तो डुएनला, हिवाळी टायर चढवताना,
मागच्या बंपरच्या आत,
रस्त्यावरच्या मिठाच्या चिखलात,
काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला.
त्यानं तो फडक्यावर ठेवून मार्लिसबाईंपुढे धरला,
पोराचा पडलेला दात दाखवावा तसा.
"हा तुमचा का?"
"नाही," त्या म्हणाल्या,
"पण बहुतेक मी त्याची आहे."

कर्टिस : बावीस वर्षं नवरा, दोन वर्षं माजी.
काळजीपोटी ठेवला, म्हणाला.
रस्ते निसरडे असतात.
काळजी. हा शब्द इथे रोज येतो,
बहुतेक वेळा वकील घेऊन.

मग सरकारी वकीलबाईंनी वाचायला घेतलं, एका सुरात :
मंगळवार, सात बारा, बेकरी.
सात चाळीस, दातांचा दवाखाना.
बुधवार, चर्चचं तळघर, गायनाचा सराव.
गुरुवार, सरोवराकाठचं पार्किंग,
हालचाल नाही, चाळीस मिनिटं.
पुढचा गुरुवार. तिथेच. चाळीस मिनिटं.

सगळी खोली त्या चाळीस मिनिटांपाशी थांबली.
कर्टिसही मान पुढे काढून ऐकत होता,
अजूनही.

मधल्या सुट्टीत, बेसिनपाशी,
मी न विचारता त्यांनी मला सांगितलं :
"काही नाही हो. दोन डोनट खायचे.
काच थोडी खाली करून बर्फ तडकताना ऐकायचा.
एवढीच एक जागा होती कुणाला न सांगितलेली.
आता ती पान सव्वीसवर आहे."

शिक्षा झाली.
नव्वद दिवस, त्यातले साठ स्थगित.
दंड, साधारण चार हिवाळी टायरांचा.
कलमात "संमतीशिवाय" तीनदा आहे,
"भीती" एकदाही नाही. मी मोजलंय.
आणि सहा महिने त्याच्या घोट्याला पट्टा.

न्यायाधीश ओकरलुंड चष्मा पुसत म्हणाले,
तो अर्ध्या मैलाच्या आत आला
तर तुमचा फोन वाजेल, बाई.
फक्त त्यासाठी, तुम्ही कुठे आहात
हे यंत्राला सतत कळत राहावं लागेल.

मार्लिसबाई बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या.
मग विचारलं,
"गुरुवारी चाळीस मिनिटं बंद ठेवता येईल?"
कुणी हसलं नाही.
ओकरलुंड खरोखरच पानं उलटत बसले.
तशी सोय नव्हती.
त्यांनी सही केली. पेन माझंच होतं.

आता तो माझ्या कपाटात आहे, तिसरा खण, डावीकडे.
बॅटरी काढलेली आहे, मी स्वतः पाहिलीय.
तरी संध्याकाळी कुलूप लावलं की
पार्किंगमध्ये मी गाडीमागे वाकते,
हातमोजा काढून बंपरच्या आतून बोटं फिरवते.
मीठ लागतं. गंज लागतो.
हात पुसते,
आणि आजकाल घरी जाताना
काही कारण नसताना
एखादं वळण उगाच जास्तीचं घेते.