एकास पाचशे

डोंगर आम्ही प्लायवूडचा केला आहे.
फियॉर्ड सिमेंटचा. तळाला करड्या रंगाचे दोन हात,
काळा दिला की फोटोत लाट दिसत नाही.
कड्याच्या जागी तिरका पत्रा, त्यावर ठोकळे,
आणि ठोकळ्यांना अडवून धरणारा खटका,
त्याला मी सहा वर्षं दर सोमवारी तेल घालतो.

खरा कडा तिकडे उत्तरेला, हामरविक गावासमोर,
वर्षाला सहा सेंटिमीटर खाली येतो आहे.
नखं वाढतात त्याहून थोडा घाईत.

सगळा एकदम सुटला तर गावाशी लाट एक्केचाळीस मीटर.
फुटत, रेंगाळत, तुकड्यातुकड्यांनी उतरला तर अकरा.
या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी
आम्ही पगार घेतो.

टाकीत एक्केचाळीस मीटर म्हणजे चार बोटं पाणी.
पहिल्यांदा बघणारे हसतात.

रॅगनफ्रिड हसली नाही.
हामरविकच्या वृद्धाश्रमातली रात्रपाळीची नर्स,
आधी बोटीने, मग बसने आलेली,
ओला कोट अंगावरच.
तिने आपली इमारत शोधली. काडेपेटीएवढी.
"दार मागच्या बाजूला आहे," म्हणाली. "तुम्ही पुढे काढलंय."
लाटेला दाराशी काही देणंघेणं नसतं, मी म्हटलं.
"मला असतं."

किती वेळ मिळेल?
सात मिनिटं. इथे टाकीत एकोणीस सेकंद,
कारण इथला एक सेकंद म्हणजे तिथले बावीस,
पाचशेचं वर्गमूळ.
"बरं," ती म्हणाली.
पण इशारा आधी येईल, मी घाईने सांगितलं,
कड्यावर यंत्रं आहेत, रात्रंदिवस मोजतात,
दोन दिवस, निदान एक दिवस आधी कळेल
असं आमचं म्हणणं आहे.
"तुमचं म्हणणं."
टोमणा नव्हता त्यात.
कपाळावर हात ठेवून ताप बघावा, तसं बोलली.

मग म्हणाली,
"माझ्याकडेही एकोणीसच आहेत. ओढा."

मी खटका ओढला.
ठोकळे गेले (तो आवाज मला अजून सहन होत नाही)
आणि ती नावं घेऊ लागली.
बोर्गिल्ड. हाल्वोर. सिनोवे.
तुरमोड, तुरमोडचा चष्मा.
ओडलौग, ओडलौगचे बूट, डावा आधी.
नील्स-ऊलाव येणार नाही म्हणेल,
नील्स-ऊलाव, चला,
नील्स-ऊलाव
तारांच्या पहिल्या जोडीवरून लाट गेली,
पडद्यावर रेघ ताठ उभी राहिली, दुसऱ्या जोडीवर, तिसऱ्या,
आणि अकराव्या नावाला
पाणी काडेपेटीवरून गेलं, मुकाट,
ताटली विसळताना जातं तसं.

उरलेली आठ नावं तिने घेतली.
पाणी मागे फिरलं होतं, तरी घेतली.

पिशवीतून वही काढून लिहिलं:
चष्मे रात्री गळ्यातच.
लिफ्टपाशी स्टूल नको.
नील्स-ऊलावपुढे कोरा दोन इंच कागद.
"पुन्हा लावा," म्हणाली.

पुन्हा लावायचं तर ठोकळे तळातून उचलायचे,
पुसायचे, पत्र्यावर रचायचे
आणि पाणी स्थिर व्हायची वाट बघायची. चाळीस मिनिटं.
घाई केली तर गेलेल्या लाटेचा अंश
येणाऱ्या लाटेच्या आकड्यात शिरतो.

आम्ही टाकीच्या काठावर बसलो.
तिने डब्यातला ब्रेड आणि तपकिरी चीज अर्धं मला दिलं.
विचारलं, दिवसा पडेल की रात्री?
आमच्या सूत्रांत तेवढं एक नाही.
उंची आहे, वेग आहे, किती आत शिरेल ते आहे.
ती चावत राहिली.
चारची बोट चुकेल, मी आठवण केली.
तिने वाकून पाण्याकडे पाहिलं. मीही.
वरून अगदी काच.

पडद्यावरची रेघ मात्र
केसभर थरथरत होती अजून.