तात

सोलापुरात एप्रिलमध्ये तात टिकत नाही.
मेंढीच्या आतड्याची ती, तिला हवा कळते.
सकाळी उतरते, दुपारी चढते,
आणि कार्यक्रमाच्या दिवशी, साडेतीन वाजता,
मिशनच्या जुन्या हॉलमध्ये
तिसरी तुटली.
फट्.
राखीव होती ती पुण्यात, कुरिअरच्या गोदामात.

सुवार्ताबाई हिवाळे पियानोच्या पोटात डोकं घालून
किल्ली फिरवत होत्या.
या पियानोला लोखंडी सांगाडा नाही. सगळं लाकूड,
हातोड्यांना कातडं.
आजच्या पट्टीला ताणला तर मोडेल,
म्हणून बाई त्याला अर्ध्या सुराने खालीच ठेवतात,
जेवण झाल्यावर म्हातारी माणसं बोलतात
त्या आवाजात.
वर न बघताच म्हणाल्या,
"हुसेनसाबकडे जा. गादीच्या दुकानात."

विजापूर वेशीपाशी दुकान.
पिंजण भिंतीला टांगलेलं,
मशीन आल्यापासून तसंच,
कमानीवर कापसाची म्हातारी धूळ.
म्हटलं, चाचा, तार तुटली.
"तार लोखंडाची. ही तात," म्हणाले,
आणि फळीवरच्या डब्यातून वेटोळं काढलं,
दोन बोटांत चोळलं, दाताखाली धरलं,
कानाशी ताणून एकदाच छेडलं.
"कापसावर चांगली बोलायची."
चाळीस रुपये घेतले.
पावतीवर लिहिलं: गादी दुरुस्ती.

माझ्या चेलोला खाली खुंटी नाही.
तेव्हा नसायची.
दोन पोटऱ्यांत धरावा लागतो, नाही तर घसरतो.
परदेशात गुरूंनी विचारलं होतं,
ही बैठक कुठे शिकलास?
काय सांगणार.
नान्ना खड्ड्याच्या मागावर बसायचे
आणि मी काठावर बसून त्यांचे पाय बघायचो,
धोटा कधीच बघितला नाही.

संध्याकाळी पंखे बंद केले.
पानं उडतात, आणि तात रुसते.
ट्यूबलाइटची गुणगुण आमच्या पट्टीत बसेना,
तीही बंद.
छत्तीस माणसं, एक्केचाळीस डिग्री,
निमंत्रणपत्रिकेने वारा घेत.
पहिल्या रांगेतून यादगिरीमामा, सगळ्यांना ऐकू जाईल असं,
"काय बे, एवढं शिकून आलास,
नवीन घेऊन दिलं नाही का कुणी?"
हसले सगळे. मीही.
उत्तर होतं माझ्याकडे, तीन पानांचं,
पण बाईंनी पहिला सूर लावला होता.

त्यांचे सूर लवकर विझतात.
ताणून गाता येत नाही त्या पियानोला,
म्हणून तो बोलतो, आणि वाक्य संपलं की
खरंच थांबतो.
त्या थांबण्यात मला गज ठेवायचा असतो.
पहिल्या भागात नवी तात ऐकेना.
खरखर, भुरभुर,
जणू अजून कापूसच उडवत होती.
मी पुसली. पिळली. मनात शिवी दिली.
मग संथ भाग आला
आणि तिसऱ्या तातेवरच तो सगळा उतरतो,
टाळायला जागाच नाही.
गोड नव्हता तो आवाज.
घशात किंचित रुई अडकलेल्या माणसाने
घरच्यांना काहीतरी महत्त्वाचं सांगावं, तसा.
पलीकडे पॉवरलूम खडखडत होते.
त्यांची लय वेगळी, आमची वेगळी,
कुणी कुणासाठी थांबलं नाही.
नान्ना डोळे मिटून बसले होते, असं मला वाटलं.
नंतर कळलं, झोपले होते.

शेवटी दारात हुसेनसाब.
आत आलेच नव्हते, चपला पायातच.
टाळ्या संपू दिल्या, मग म्हणाले,
"अजून चढवा की तिला.
मी याच्या दुप्पट ताणायचो."
सुवार्ताबाई झाकण लावत म्हणाल्या,
"ती चढली तर मला चढावं लागेल. हा मोडेल."
हुसेनसाबांनी पियानोकडे पाहिलं,
लाकडावरून हात फिरवला,
आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावा तसा नाही,
गिऱ्हाइकाच्या गादीवरून फिरवावा तसा,
कुठे गाठ आहे ते बघत.
"मग राहू द्या," म्हणाले.

आता पंखा लावू का, मागून कुणीतरी विचारलं.