साडेसहा ते आठ

ये श्रेणिक. बूट नको काढू,
हे देऊळ नव्हे, इथं बुटातच यायचं.
टॉवेल आणलास? नाही?
मग हा माझा घे, आजच्यापुरता.

घड्याळ बघ. उद्यमनगरातली लेथं आत्ता थांबली असतील.
हात धुऊन, नखांतलं ग्रीस तसंच ठेवून
सगळी मंडळी हा जिना चढणार.
खाली टायरवाल्याचा कॉम्प्रेसर, वर आमचा कुरकुरता पंखा,
आणि मधे एक बेंच, दोन रॉड, सव्वीस माणसं.

तू आज रिकामा रॉड उचल.
हसतील असं वाटतंय ना?
हसायला दम लागतो लेका,
तो इथं कुणाकडंच शिल्लक नसतो.
आरशात दंड नको बघू, गुडघे बघ,
पाठ कुठं वाकते ते बघ.
बेंच अडलेला असला तर तोंड पाडून उभा राहू नको,
कोपऱ्यात जोर काढ, बैठका मार.
जमिनीला नंबर लागत नाही.

आणि एक वाक्य पाठ कर:
‘दादा, तुमच्या सेटच्या मधे मी करू का?’
मला हे म्हणायला दोन महिने लागले होते.
ते दोन महिने मी नुसते डंबेल्स उचलले,
कारण ते दाराजवळ होते.

दस्तगीर, तू पण ऐक, कानातलं काढ.
तू जुना. शंभरावर वीस लावतोस, मान्य.
त्यातल्या चार प्लेटा तूच ओतल्यास फौंड्रीत,
आणि विसाची एकोणीस आठशे भरते
हे आपल्या दोघांतच राहू दे.
पण दोन सेटच्या मधे बेंचवर बसून
म्हशींच्या शर्यती बघतोस मोबाइलवर.
सात मिनिटं. मी मोजलीत.
जड उचलायचं तर पहाटे साडेपाचला ये,
तेव्हा इथं मी आणि पाल, दोघंच असतो.
संध्याकाळी हलकं घे, पटपट घे,
आणि प्लेटा जाग्यावर ठेव.

हे मी शहाणा म्हणून सांगत नाही.
मागच्या महिन्यात रजिस्टर चाळताना दिसलं:
सुलोचना चौगुले, आल्या सहा चाळीस, गेल्या सात वीस.
मधे काय केलं, तर काहीच नाही.
पाण्याची बाटली छातीशी धरून
खांबाला टेकून उभ्या होत्या चाळीस मिनिटं,
रेशनच्या रांगेत उभं राहावं तशा.
गुडघ्याच्या डॉक्टरनं त्यांना एवढंच सांगितलेलं:
बेंचवर बसायचं, हात न टेकता उठायचं.
दहा वेळा.
चौदा वर्षं शिकवतोय मी,
आणि मला त्या दिसल्या कागदावर.

दुसऱ्या दिवशी ह्या दस्तगीरनं
काही न बोलता एकेक प्लेट उतरवली,
स्वतःच्या टॉवेलनं बेंच पुसला,
म्हणाला, ‘या काकू.’
‘तुमचं झालं का?’
‘झालं की.’
तिसरा सेट राहिला होता त्याचा.
मोजत होतो म्हणून ठाऊक, नाहीतर मलाही कळलं नसतं.
काकू बसल्या, उठल्या,
सहाव्याला पाय थरथरला,
सातव्याला शिवी आली तोंडात, ती गिळली.
मग म्हणाल्या, उरलेले तीन उद्या.

असो.
आणि तो चार हजारांचा प्रोटीनचा डबा
आत्ताच नको घेऊस, दुकानदार काहीही म्हणू दे.
आठ वाजले की गंगावेशीत जा,
डोळ्यांदेखत म्हैस पिळून घे,
ग्लास तोंडाला लावून उभ्यानं पी,
मिशीला फेस लागला तरी पुसू नको.
मिशी नाही? येईल.

दंड? तेही येतील.
दिवाळीपर्यंत येतील असं मात्र कुणी सांगितलं
तर त्याला माझ्याकडं पाठव.

चल, बेंच सुटला, तुझा नंबर.
अरे थांब.
आधी टॉवेल अंथर.