आतला खिसा

पोवई नाक्याच्या वरच्या अंगाला माझं दुकान.
सैनिक शाळेची पोरं, होमगार्ड, रजेवर आलेले जवान,
सगळ्यांची मापं एकाच वहीत.
निवडणूक लागली की उपरणी.
परवाच सातशे शिवली एका पक्षाची
आणि न्यायला येणाऱ्यानंच पक्ष बदलला.
आता त्यांचीच अस्तरं लागतात
नव्या पक्षाच्या जाकिटांना.
कापडाला काय, उसवलं की मोकळं.

ती आली तेव्हा काज करत होतो.
नर्सिंगला आहे म्हणाली, मोडक्या हिंदीत.
नाव काय लिहू?
सुई.
मी हातातली दाखवली, ही?
हसली. आमच्या बोलीत सुई म्हणजे सोनं.
गाव?
ब्रह्मदेश. डोंगरातलं.

माझा बाप पलटणीचा शिंपी.
जपानच्या लढाईत खेचरावर मशीन लादून
त्याच डोंगरांत गेला होता.
येताना एक पट्ट्यापट्ट्यांचं कापड आणलं,
कुणी दिलं, का दिलं, शेवटपर्यंत बोलला नाही.
ट्रंकेतून काढून तिच्यापुढे धरलं. तुमच्याकडचं?
तिनं उलटं करून पाहिलं,
जाणकार पाहतात तसं, मागच्या बाजूनं.
नाही. हे पलीकडच्या डोंगराचं.
त्यांची भाषा वेगळी. पक्ष पण वेगळा.

मग खडूनं टेबलावर रेघा ओढत सांगत राहिली.
प्रत्येक डोंगराचा आपला पट्टा,
प्रत्येक पट्ट्याचा आपला पक्ष,
सोयरीक नाही, जेवण नाही,
पण मतदानाला रांग एकच.
सभागृहात चारातली एक खुर्ची मुळातच वर्दीची.
तिला मत लागत नाही.
आणि उरलेल्या तीन?
एका पहाटे त्याही नेल्या.

खुंटीवर एक वर्दी होती,
नावाची पट्टी लावायची राहिलेली.
बोलता बोलता तिनं स्टूल फिरवलं,
तिच्याकडे पाठ केली.
आमच्याकडे दोरीवर वर्दी वाळत असली
तर शेजारीण आपलं धुणं सरकवून जागा देते.
हे तिला सांगणार होतो. नाही सांगितलं.

तेवढ्यात अपशिंग्याचे सुभेदार करंडे आले,
नातवाची वर्दी न्यायला.
ती ताडकन उठली.
हात अंगाशी, नजर फरशीवर.
सुभेदार खुलले. बघा पोरे मास्तर, याला म्हणतात वळण!
बस बेटा, बस.
बसली नाही.
त्यांची स्कूटर उतार उतरून गेली,
आवाज विरला,
तेव्हा कुठं टेकली.
चाळीस वर्षं त्या कापडाची इस्त्री माझ्या हातची.
पँटची घडी अशी की बोट कापावं.
त्या दिवशी पहिल्यांदा इस्त्री गार होऊ दिली.

काम काय होतं ते शेवटी सांगितलं.
ब्लाउजला आतून खिसा,
या कागदाएवढा.
घडीवर झिजलेली चिठ्ठी,
त्या वर्षीच्या मतदानाची.
बाहेरून कळता कामा नये.

अस्तराच्या ढिगात हात घातला,
उपरण्याचा तुकडा आला.
परत ठेवला.
बापाच्या कापडाचं टोक धरून म्हटलं,
यातलं कापू? तुमचं नाही, पण.

थोडा वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली, चालेल.
रांगेत ते आमच्या पुढेच उभे होते.